नविलुतीर्थचा हिवाळी जमाखर्च

हुबळी-धारवाडच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः मलप्रभेचं. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावून ती सह्याद्रीचा पाऊस घेत पूर्वेला निघते आणि सौंदत्तीजवळच्या खिंडीत, नविलुतीर्थला, अडवली जाते. जलाशयाचं नाव रेणुकासागर. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूर-सांगलीकडून यल्लमाच्या डोंगरावर जाणारी मंडळी हे पाणी जाता-येता बघतात. मला त्याच सुमाराला धरणावर जायला आवडतं, कारण येत्या उन्हाळ्याचं काय होणार ते तेव्हा ठरत असतं.

पावसाळ्यात धरणाचं काम लांबूनही दिसतं: दरवाजे उचलले, पाणी कोसळलं, खालच्या गावांना इशारा गेला. हिवाळ्यात दरवाजे बंद असतात आणि सगळं काम आकड्यांत चालतं. सकाळी आठला पातळी वाचतात. फुटांची पट्टी रंगवलेली असते. पूर्ण भरल्याची खूण २०७९.५० फुटांवर. नुसती नजर टाकून भागत नाही. वाऱ्याने पाणी पट्टीवर चढतं, उतरतं. वाचणारा थोडा थांबतो, लाटेचा माथा बघतो, तळ बघतो आणि मधला आकडा लिहितो. धरण भरलेलं असताना बोटभर थरातही कोट्यवधी लिटर पाणी असतं, तेव्हा ही थांबण्याची सवय फार मोलाची.

मग पातळीवरून तक्त्यात साठा पाहायचा आणि कालच्या साठ्याशी ताडायचा. नदीतून आलेलं पाणी या हिशेबातूनच काढतात: साठ्यातला फरक, त्यात कालव्यांतून गेलेलं, नळयोजनांनी उचललेलं आणि वाफ होऊन उडालेलं मिळवायचं. ऑगस्टमध्ये ही आवक हजारो क्यूसेक (सेकंदाला घनफूट) असते. कार्तिक सरता सरता ती शून्याला टेकते, आणि जोराचा वारा असला तर चक्क उणे येते. वाऱ्याने पाणी एका कडेला सरकलेलं असतं, एवढंच. जाणता माणूस अशा एका दिवसाच्या आकड्यावर विसंबत नाही, आठवड्याचा कल बघतो. पण कल पक्का झाला, की पुढच्या पावसापर्यंत जमेच्या बाजूला काहीही पडणार नाही हे धरून चालावं लागतं. उरतो तो फक्त खर्च.

तो कुठे होतो? धरणाची क्षमता ३७.७३ टीएमसी (अब्ज घनफूट). २०११च्या जनगणनेत जुळ्या शहरांची लोकसंख्या सुमारे ९.४४ लाख होती. माणशी १३५ लिटर धरलं तर रोज पावणेतेरा कोटी लिटर लागतं. एका टीएमसीत शहरं सात महिने काढतील. वस्ती वाढली, वाटेत गळती होते, हे सगळं धरूनही शहरांची गरज साठ्याच्या मानाने लहानच आहे. उलट कालव्याला दोन हजार क्यूसेक सोडलं, तर सहा दिवसांत एक टीएमसी संपतो.

म्हणून रब्बीची आवर्तनं ठरवणारी बैठक मला फार महत्त्वाची वाटते. नवलगुंद-नरगुंदची काळी जमीन ओल धरून ठेवते. शाळू आणि करडई तिच्यावर बऱ्याच अंशी निभावतात. हरभऱ्याला फुलोऱ्यात एक आणि घाटे भरताना एक पाणी मिळालं तरी पीक हाती येतं. मका आणि उसाचं तसं नाही. कालव्याच्या तोंडाशी ऊस उभा राहिला की शेपटाकडच्या हरभऱ्याला वेळेवर पाणी पोचत नाही. या भागात ही जखम जुनी आहे. २१ जुलै १९८० रोजी नवलगुंद आणि नरगुंदला सिंचनाच्या करआकारणीविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं गेली. पाणी शेतात पोचलेलं नसतानाही कर मागितला जातोय, हा त्यांच्या रागाचा एक मोठा भाग होता.

शहराची अडचण वेगळी आहे. धारवाड जलाशयाहून शंभरेक मीटर उंच आहे, त्यामुळे पाणी पंपाने चढवून, अम्मिनभावीला शुद्ध करून आणावं लागतं. पातळी जसजशी खाली जाते तसतशी चढण वाढते आणि पाणी गढूळ होतं. हुबळीचा दुसरा आधार, बेडतीच्या खोऱ्यातला १९५५ सालचा नीरसागर, २०१६-१७च्या दुष्काळात तळाला गेला होता. तेव्हापासून त्याच्यावर भिस्त ठेवणं मला तरी धाडसाचं वाटतं.

गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत आलं की सगळं सुटेल, असं इथे सर्रास म्हणतात. ऑगस्ट २०१८च्या निवाड्यात म्हादई लवादाने कळसा-भांडुरा या ओढ्यांतून मलप्रभेसाठी ३.९ टीएमसी दिले. गोव्याचा विरोध कायम आहे, आणि पश्चिम घाटातल्या त्या ओढ्यांची काळजी मलाही वाटते. पण ते पाणी आलं तरी दोन हजार क्यूसेकने तेवीस दिवसांत निघून जाईल. मग पुन्हा हीच पट्टी आणि हीच आवर्तनांची बैठक.

त्या बैठकीत टीएमसीच्या आकड्याबरोबर पातळीही ठरवावी: पिण्यासाठी राखलेल्या पाण्याची रेघ लाल रंगाने पट्टीवरच ओढावी आणि पाणी तिथवर उतरलं की कालवा बंद. रेघ ठरवताना हिशेब जुलैअखेरपर्यंतचा धरावा. कणकुंबीला जूनमध्येच पाऊस लागला तरी पहिलं पाणी कोरड्या पात्रातच मुरतं, आणि कधी कधी पाऊसच लांबतो. आवर्तनात पहिला मान शेपटाकडच्या हरभऱ्याला द्यावा, आणि प्रत्येक चारी कोणत्या तारखेला सुरू होणार, कोणत्या तारखेला बंद होणार, ते पेरणीआधी गावोगावच्या पंचायतीत लावावं. शेतकऱ्याने ऊस लावायचा की हरभरा पेरायचा, हे त्याला त्या कागदावरून ठरवता येईल.