फुगलेल्या शिरा आणि उभ्या कामाचे पाय

करंजा, रेवस, राजपुरी, जीवना, भरडखोल अशा रायगडच्या बंदरांवर बोटी लागल्या की मासळीची निवड, तिला बर्फ लावणे, टोपल्या भरणे आणि विक्री ही कामे तासन्‌तास उभ्याने किंवा उकिडवे बसून चालतात आणि त्यांतील मोठा वाटा स्त्रियांकडे असतो. जुन्या वळणाच्या कोळी स्त्रिया लुगडे गुडघ्यापर्यंत नेसत असल्यामुळे त्यांच्यापैकी अनेकींच्या पोटऱ्यांवर निळसर, गाठाळ, वेड्यावाकड्या शिरा उघड दिसतात. परंतु त्या सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर असल्यामुळे आजार म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहत नाही, आणि ‘वयोमानाने नसा वर आल्या’ एवढे म्हणून तो विषय संपतो. भातलावणी करणारी शेतकरी स्त्री, श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीत राबणारा मजूर, सुकाणूपाशी उभा राहणारा तांडेल, बंदराच्या फाटकावरचा पहारेकरी आणि दुकानातील विक्रेती यांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. वैद्यकात ज्यांना व्हेरिकोज व्हेन्स किंवा अपस्फीत नीला म्हणतात त्या या शिरांचा आजार सावकाश वाढणारा, बहुतेक वेळा सौम्य आणि बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवता येणारा आहे, तरीही किनाऱ्यावरील रुग्ण अनेकदा घोट्याजवळची जखम महिनोन्‌महिने चिघळल्यानंतरच दवाखान्यात पोहोचतो.

या आजाराचे मूळ समजण्यासाठी पायातील रक्ताचा परतीचा मार्ग पाहावा लागतो. हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी म्हणजे रोहिणी, आणि ते हृदयाकडे परत आणणारी वाहिनी म्हणजे शीर अथवा नीला. पायातील शिरांचे दोन थर असतात: स्नायूंच्या आत, हाडांच्या जवळून जाणाऱ्या खोल शिरा परतीच्या रक्तापैकी सुमारे नव्वद टक्के रक्त वाहून नेतात, तर उरलेले रक्त कातडीखालच्या उथळ शिरांतून जाते, आणि या दोन थरांना जोडणाऱ्या आखूड शिरा बाहेरचे रक्त आत पोहोचवतात. उथळ शिरांपैकी सर्वांत लांब शीर घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीच्या आतून जांघेपर्यंत जाते आणि तेथे खोल शिरेला मिळते. बहुतेक रुग्णांत बिघाड हिच्यात असतो. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले की खोल शिरा पिळल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते, आणि ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत ठिकठिकाणी दोन नाजूक पाकळ्यांच्या झडपा असतात.

या झडपांचे काम खारभूमीच्या बांधातील उघाडी पाहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ओहोटीला उघाडीचे दार बाहेर ढकलले जाऊन शेतातले पाणी खाडीत उतरते आणि भरतीला तेच दार पाण्याच्या रेट्याने मिटून खारे पाणी बाहेर थोपवते. दार कुजले की प्रत्येक भरतीला खारे पाणी आत शिरते आणि हळूहळू जमीन नापीक होते. शिरेची झडप नीट मिटेनाशी झाली की तसेच घडते, वर गेलेले रक्त खाली गळते, खालच्या भागावरचा भार वाढून शीर रुंदावते, रुंदावलेल्या शिरेत खालच्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून तीही गळू लागते, आणि बिघाड एकातून दुसऱ्यात पसरत जातो. इटलीतील पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १६०३ मध्ये या झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले, मात्र त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात हा त्यांचा खरा अर्थ त्याच्या हाती लागला नाही. तो त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वी याने ओळखला आणि १६२८ च्या ग्रंथात रक्ताभिसरण सिद्ध करताना पुराव्यादाखल मांडला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ग्रंथींचे प्रकार सांगताना शिरांपासून होणाऱ्या ग्रंथीचा स्वतंत्र उल्लेख येतो आणि दुर्बल माणसाचे अतिश्रम हे तिचे कारण दिलेले आहे.

श्रम आणि शिरा यांचा संबंध मात्र नेमका समजून घ्यायला हवा, कारण पायांना अपाय करते ते चालणे नव्हे, एका जागी खिळून राहणे. प्रौढ माणूस स्तब्ध उभा असताना घोट्यापाशी शिरेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो, आणि झडपा धड असतील तर चालू लागल्यावर काही पावलांतच तो ३० च्या खाली उतरतो. झडपा निकामी असतील तर तो तसा उतरत नाही, आणि आजाराचे पुढचे सारे परिणाम या न उतरणाऱ्या दाबातून होतात. डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासळी विकत फिरणारी बाई दमते खरी, परंतु तिच्या पोटरीचा पंप चालू असतो. एका ओट्यापाशी सकाळपासून दुपारपर्यंत उभी राहणारी किंवा गुडघे आणि जांघा दुमडून बसणारी बाई कमी हिंडते, आणि तिचा पंप जवळजवळ बंद असतो. याला आनुवंशिकतेची जोड असते. आई किंवा वडील यांना हा त्रास असेल तर मुलांत त्याची शक्यता वाढते. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैलावतात आणि वाढलेले गर्भाशय ओटीपोटातील शिरांवर दाब देते, म्हणून अनेक स्त्रियांच्या पायांवर शिरा प्रथम याच काळात दिसतात. बाळंतपणानंतर त्या पुष्कळशा ओसरतात, परंतु प्रत्येक पुढच्या खेपेस थोड्या अधिक उरतात. वाढते वय आणि वाढलेले वजन यांचाही हातभार लागतो.

सुरुवातीच्या तक्रारी अशा असतात की त्या थकव्याच्या नावावर सहज खपतात. संध्याकाळी पाय जड पडतात, पोटऱ्या भरून येतात, घोट्यावर सूज येऊन सकाळपर्यंत उतरते, रात्री पायात गोळे येतात. शिरा किती फुगलेल्या दिसतात आणि त्रास किती होतो यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. जाड्या पायात शीर दिसतही नाही आणि आतून गळती जोरात असते. पुढची खूण घोट्याच्या वर, आतल्या बाजूच्या कातडीवर उमटते. तेथे सतत दाब राहिल्याने तांबड्या पेशी शिरेबाहेर झिरपतात, त्यांतील लोहाचा गंज कातडीत साचून ती तपकिरी-काळपट होते, खाज सुटते, कातडी कोरडी होऊन खपल्या धरते आणि काही काळाने ताठ, चिवट बनते. याच टप्प्यावर तिला नायटा किंवा गजकर्ण समजून औषधाच्या दुकानातून मलम आणले जाते, आणि त्यात स्टेरॉइड असेल तर खाज तेवढी थांबते पण कातडी आणखी पातळ होते. मग डासाचा चावा, कोलंबीचा काटा, बोटीच्या फळीची ठेच असे क्षुल्लक कारण पुरते आणि जखम उघडते, ती भरत नाही.

पावसाळ्यात या जखमेचे गांभीर्य वाढते. लावणीच्या चिखलात आणि साचलेल्या पाण्यात उघड्या जखमेने उभे राहणाऱ्याला जंतुसंसर्गाचा, कातडीखाली पसरणाऱ्या सुजेचा आणि उंदराच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, आणि हा ज्वर कोकण किनाऱ्याला नवा नाही. चिखलात उतरणे टळत नसेल तर जखम पूर्ण झाकणारी पट्टी आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट वापरणे, आणि काम संपताच पाय स्वच्छ धुऊन कोरडा करणे एवढे तरी पाळले पाहिजे. ताप आला तर पायाच्या जखमेविषयी आणि चिखलातील कामाविषयी डॉक्टरांना आवर्जून सांगितले पाहिजे.

अशा जखमेवर वर्षानुवर्षे केवळ मलमपट्टी करणे म्हणजे कुजके दार तसेच ठेवून खाऱ्या शेतात खत टाकणे होय. मूळ बिघाड ओळखण्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी ही तपासणी करतात. तिच्यात सुई टोचावी लागत नाही, रुग्णाला उभे करून पायावर यंत्र फिरवले जाते आणि कोणत्या शिरेत रक्त उलटे येते, किती वेळ येते, खोल शिरा मोकळ्या आहेत की नाहीत हे पडद्यावर दिसते. उपचारांचा पाया बाहेरून दिलेला दाब हा आहे. घोट्यापाशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल होत जाणारा विशिष्ट मोजा किंवा थरांची पट्टी शिरांना आवळून धरते. मात्र धूम्रपान करणाऱ्या, मधुमेही किंवा वयस्क रुग्णाच्या पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असू शकतात आणि अशा पायावर घट्ट दाब घातक ठरतो, म्हणून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहिल्याशिवाय मोजा चढवू नये. गळकी शीर आतून बंद करण्यासाठी आता लेझर किंवा रेडिओलहरींची उष्णता वापरतात, लहान शिरांत औषधाचा फेस टोचतात, आणि बहुतेक रुग्ण भुलीच्या स्थानिक इंजेक्शनवर त्याच दिवशी चालत घरी जातात. ‘शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून’ ही शंका स्वाभाविक आहे, परंतु बंद केलेली शीर आधीच रक्त उलटे आणत होती आणि खोल शिरा मोकळ्या असल्याची खात्री करूनच हा उपचार केला जातो. ब्रिटनमध्ये शिरांमुळे झालेल्या जखमांच्या ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाबपट्टीबरोबरच शिरेवर लगेच उपचार केलेल्यांच्या जखमा भरण्याचा मध्यम कालावधी ५६ दिवस, तर उपचार लांबवलेल्यांचा ८२ दिवस आढळला. जखम भरेपर्यंत थांबून मग शिरेकडे पाहण्याची रीत त्यामुळे मागे पडू लागली आहे.

मोजा ही किनाऱ्यावर सांगायला सोपी आणि पाळायला अवघड गोष्ट आहे. दमट उकाड्यात तो चिकटतो, खाज येते, आणि आठवड्याभरात तो खुंटीवर जातो. हा दोष रुग्णाच्या आळसाचा नाही. तरी काही गोष्टींनी तो सुसह्य होतो. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पायावर सूज येण्याआधी तो चढवावा. प्रथम टाचेपर्यंत उलटा करून पाऊल आत घालावे आणि मग सुरकुती न ठेवता हळूहळू वर न्यावा. वरची कड दुमडून ठेवली तर तेथे करकोचा पडून उलट अडथळा होतो. रात्री तो काढून सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा, आणि पावसात वाळत नाही म्हणून दोन जोड असावेत. रात्रीसाठी खाटेच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली टेकू देऊन तो भाग १० ते १५ सेंटीमीटर उंच केला तर पाय हृदयाच्या पातळीच्या वर येतात, मात्र हृदयविकार असणाऱ्याने किंवा आडवे झाल्यावर दम लागणाऱ्याने हे विचारूनच करावे. उभ्या कामात दर थोड्या वेळाने टाचा उचलून पुन्हा टेकवणे, दहा पावले तरी चालणे आणि ओहोटीच्या घट्ट वाळूवर संध्याकाळी फेरी मारणे हे पोटरीच्या पंपाला चालना देतात. जखम किंवा मधुमेह असेल तर अनवाणी चालू नये.

फुगलेल्या शिरेवर गरम शेक देणे किंवा ती जोराने चोळणे टाळावे. शीर अचानक लाल, कडक आणि दुखरी झाली तर तीत गुठळी झालेली असू शकते. एकच पाय एकाएकी सुजून पोटरी दुखू लागली, आणि विशेषतः त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर खोल शिरेतील गुठळी फुप्फुसापर्यंत गेल्याची शक्यता धरून ताबडतोब रुग्णालय गाठावे. पातळ झालेल्या कातडीवरची शीर फुटली तर रक्ताची धार लागते, आणि घाबरून रुग्ण उभा राहतो किंवा बसतो तेव्हा रक्त अधिक वाहते. त्याला त्वरित आडवे करावे, पाय वर उचलावा, स्वच्छ कापडाची घडी करून त्याच जागी बोटांनी किमान दहा मिनिटे सलग दाब द्यावा, आणि घडी उचलून पुन्हापुन्हा पाहू नये. वर मांडीला दोरी आवळण्याची रूढ पद्धत येथे अपायकारक आहे, कारण तिने शिरेतील दाब वाढतो. वेळेवर दाब न दिल्यामुळे या रक्तस्रावाने माणसे दगावलेली आहेत, म्हणून ही कृती घरातल्या प्रत्येकाला माहीत असावी.

उरतो तो प्रश्न कामाच्या जागेचा, आणि त्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकता येत नाही. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळताच बसता यावे अशी सोय असावी, ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्ये होती. दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांच्या चळवळीनंतर केरळने २०१८ मध्ये दुकानांसाठी बसण्याचा हक्क कायद्यात आणला आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये त्याचे अनुकरण केले. बंदरांवर आणि मासळी बाजारांत काम करणाऱ्या स्त्रिया बहुधा कोणाच्या नोकरीत नसतात, म्हणून या तरतुदी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. नवे मासळी बाजार आणि उतरण केंद्रे बांधताना विक्रीचे ओटे, निवडीची मेजे आणि त्यांच्यामागे पाय टेकवता येईल असे उंच बाक एकत्र आखणे ग्रामपंचायतींना आणि नगरपरिषदांना सहज शक्य आहे. शिरेवरचा उपचार करवून घ्यायचा असेल तर खलाशांसाठी जून आणि जुलैचा मासेमारी बंदीचा काळ सोयीचा असतो, आणि भातशेती करणाऱ्यांनी मळणी आटोपल्यावर, शेतात चिखल नसताना, ते काम उरकून घेतले तर टाक्याची किंवा पट्टीची जागा कोरडी राहते.