मातीकडे जाणारा हात

सहा-आठ महिन्यांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि त्यात काळजीचे काही नसते. पण दोन वर्षांचे झाल्यावरही ते माती शोधून खाऊ लागले आणि महिनाभर तसेच चालू राहिले, तर वैद्यकशास्त्र त्याला ‘पायका’ म्हणते. माती हा त्यातला सर्वांत नेहमीचा प्रकार. सारवलेल्या भिंतीचे पोपडे, चुलीतली राख, खडू, पाटीवरची पेन्सिल आणि कच्चे तांदूळ हेही त्यातच येतात.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे कमी पावसाचे तालुके. चासकमान आणि खडकवासल्याच्या कालव्यांचे पाणी आले आणि घोड-भीमेच्या पट्ट्यात ऊस वाढला. गाळपाच्या हंगामात बीड, अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या पडतात. आई-बाप पहाटेपासून फडात, आणि धाकटे मूल बांधावर, थोरल्या बहिणीच्या भरवशावर. शेजारच्या वावरात पाण्याची पाळी सुरू झाली की ओल्या मातीचा वास सुटतो. मोठ्यांनाही तो हवाहवासा वाटतो, मुलाचा तर हातच तिकडे जातो. अर्थात ही सवय टोळीच्या मुलांपुरती नाही. गावातल्या सिमेंटच्या घरातली मुलेही कुंडी उकरतात.

घरगुती उपाय बहुतेक एकाच जातीचे असतात: हातावर फटका, बोटांना तिखट किंवा कडुनिंबाचा रस, चारचौघांत चेष्टा. कृष्णाने माती खाल्ल्याची गोष्ट कौतुकाने सांगणाऱ्या घरातच मुलाला मातीसाठी मार बसतो. त्याने सवय सुटत नाही, ती कोपीच्या मागे किंवा भिंतीच्या कोपऱ्यात जाते. मूल किती माती खाते हे मग घरच्यांनाही कळत नाही. नुकसान म्हणायचे तर हेच मोठे.

कारणाबद्दल दोन मते हमखास ऐकू येतात. एक, पोटात जंत झालेत. दुसरे, कॅल्शियम कमी पडतेय. चरकसंहितेत पांडुरोगाच्या पाच प्रकारांपैकी एक माती खाण्याने होणारा सांगितला आहे. म्हणजे माती आणि फिकेपणा यांची जोडी जुन्या वैद्यांनाही ठाऊक होती. आजचे वैद्यक ही साखळी दोन्ही दिशांनी पाहते. शरीरात लोह कमी झाले की अशा अखाद्य वस्तूंची ओढ लागते, आणि पोटात गेलेली चिकणमाती अन्नातले लोह धरून ठेवते, रक्तापर्यंत पोचू देत नाही. जंतांचे मतही अगदी खोटे नाही. मातीतून गोलकृमीची अंडी पोटात जातात. अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरणारे अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतात आणि लोह आणखी घटते. कॅल्शियमची बाटली मात्र बहुतेकदा विनाकारणच विकत आणली जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची 68.9 टक्के मुले रक्तक्षयी आढळली. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण 53.8 टक्के होते. इतक्या मुलांचे रक्त कमी असताना माती खाणाऱ्या एका मुलाला हट्टी ठरवणे सोपे, पण चूक आहे.

सवय सोडवण्याचे खरे काम अंगणवाडीताई आणि आशाताईंच्या हातात असते. ताई आधी मुलाच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहते, मग नखे आणि तळहात. आईला ती आकडा देते तो एकच: आठवड्यातून दोनदा, एक मिली. 2018 पासूनच्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोहाच्या पातळ औषधाचा हा प्रतिबंधक डोस आहे. एका मिलीत 20 मिलिग्रॅम लोह. पन्नास मिलीची बाटली पंचवीस आठवडे चालते, म्हणजे जवळजवळ एक ऊसहंगाम. पण शी काळी झाली की आई घाबरते, आणि बाटली कोपीच्या छपरात खोचलेली राहते. लोहाने शी काळी होतेच, हे ताईला प्रत्येक घरी नव्याने पटवावे लागते. आठवड्यातून दोनदा, एक मिली. हे वाक्य टोळी दुसऱ्या गावाला हलली की नव्या ताईने पहिल्यापासून सुरू करायचे.

माती खाणाऱ्या मुलाला मात्र हा प्रतिबंधक डोस पुरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासावे. या वयात ते 11 ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर वजनानुसार रोजचे औषध देतात, तेही काही महिने. मातीची ओढ अनेकदा त्याआधीच, काही आठवड्यांत ओसरते, आणि नेमके तेव्हाच घरचे औषध थांबवतात. औषध दूध किंवा चहाबरोबर देऊ नये. जंताची गोळी शाळा-अंगणवाडीत मोहिमेच्या दिवशी मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला ती अर्धी.

खाण्यातला मोठा अडसर चहा. भल्या पहाटे चहा-बटरवर निघालेल्या मुलाचे लोह तिथेच अडते. या भागातली बाजरी लोहाची चांगली. तिच्याबरोबर शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी आणि वर लिंबू पिळले तर ते अंगी लागते. दौंडकडच्या गुऱ्हाळांचा गूळ रक्त वाढवतो ही समजूत मात्र गरजेपेक्षा मोठी झाली आहे; गुळाने रक्तक्षय बरा होत नाही.

बाकीचे काम साधे: नखे कापणे, साबणाने हात, पायात चप्पल, आणि हात मातीकडे गेला की न ओरडता त्यात भाकरीचा तुकडा किंवा खेळणे देणे. बांधावर मुलाजवळ असते ती सात-आठ वर्षांची बहीण, आणि हे सगळे तिच्याकडून व्हावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. फडाजवळ पाळणाघर असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

हिमोग्लोबिन पूर्ववत होऊनही सवय राहिली, किंवा मुलाचे बोलणे-वागणे वयाच्या मागे असेल, तर राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावे. पोट दुखणे, उलट्या आणि शी बंद होणे एकत्र आले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सरकारी केंद्रांत हिमोग्लोबिनची तपासणी, लोहाचे औषध आणि जंताची गोळी या तिन्हींना पैसे पडत नाहीत.