एकच साडी, दोन गिऱ्हाइकं

साडीच्या दुकानात माल कुठे आहे, हे विक्रेत्याच्या डोक्यात पक्कं असतं. ‘जांभळी काढ’ म्हटलं की हात बरोबर त्याच कप्प्याकडे जातो. ऑनलाइन विक्री सुरू केली की मात्र हा आठवणीचा हिशेब पुरत नाही. प्रत्येक नगाला क्रमांक लागतो आणि शिल्लक आकड्यात लागते.

हातमागाच्या साडीचं आणखी कठीण. त्या रंगाची, त्या बुट्टीची बहुधा एकच साडी असते. संध्याकाळी ती काउंटरवर विकली जाते, पण ऑनलाइन शिल्लक ‘1’च राहते. रात्री नागपूरहून तिचीच ऑर्डर येते आणि सकाळी दुकान उघडल्यावर घोटाळा कळतो. ऑर्डर रद्द करावी तर रेटिंग घसरतं. यावर पक्का उपाय म्हणजे साडीला बारकोड लावायचा, बिल करताना तो स्कॅन करायचा आणि बिलाचं सॉफ्टवेअर ऑनलाइन शिल्लकेशी जोडायचं. तेवढा खर्च झेपत नसेल तर ऑनलाइनच्या साड्या वेगळ्या कपाटात ठेवाव्यात आणि काउंटरवर दाखवूच नयेत. थोडा माल अडकतो, हे खरं. तरी छोट्या दुकानाने सुरुवात अशीच करावी, असं माझं ठाम मत आहे.

पॅकिंगमध्ये पैसे कसे जातात ते पाहा. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजनाबरोबर आकारमानावरूनही वजन काढतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला 5000 ने भागायचं, हा देशात रूढ असलेला हिशेब. दोन्हींत जे जास्त भरेल, त्याचं भाडं लागतं. 700 ग्रॅमची साडी 40 बाय 30 बाय 10 च्या खोक्यात घातली की 2.4 किलो धरली जाते. तीच 35 बाय 25 बाय 4 च्या चपट्या खोक्यात बसवली तर 700 ग्रॅमच राहते.

लेबलवर पत्ता अर्धवट असला तरी एक वेळ चालतं, पिनकोड चुकून चालत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा अंकी पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली ती टपालासाठी. आज खासगी कुरिअरची सेवा कुठे पोचते, हेही याच अंकांवरून बघतात. ते पैसे घेण्याआधीच बघावं.

सगळ्यात जास्त मार बसतो तो परतीच्या मालात. घरपोच पैसे देण्याच्या ऑर्डरीत गिऱ्हाईक घरी सापडत नाही किंवा त्याचं मन बदलतं. एक-दोन फेऱ्या मारून कुरिअरवाला पार्सल माघारी धाडतो. बहुतेक वेळा जाण्यायेण्याचं भाडं दुकानाच्या अंगावर पडतं आणि ऐन लग्नसराईत साडी वाटेत अडकून राहते. म्हणून अशी ऑर्डर पाठवण्याआधी गिऱ्हाइकाला एक फोन करावाच.

परत आलेली साडी पुरती उलगडून बघावी. पदरावर डाग आहे का, टॅग शाबूत आहे का, नेसून परत केलीय का, हे तपासूनच शिल्लक वाढवावी. कित्येक दुकानांत हा माल काउंटरखाली तसाच पडून असतो आणि ऑनलाइन मात्र ‘माल संपला’ दिसतं. रंग वेगळा निघाला, ही तक्रार नेहमीची. त्यासाठी फोटो दिवसाउजेडी काढावा. फॉल-पिको करून मागितलेली साडी परत घेणार की नाही, हे ऑर्डर घेतानाच स्पष्ट लिहावं.