चित्रपुस्तकांस बालवाचकांचा कौल

बालपुस्तकांची पारितोषिके बहुधा मोठ्यांची परीक्षकमंडळे ठरवितात. साहित्य अकादमीचा २०१० साली सुरू झालेला बालसाहित्य पुरस्कारही त्यास अपवाद नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मात्र १९५२ साली स्थापन झालेल्या विल्यम ॲलन व्हाइट पारितोषिकाचा निर्णय शाळकरी मुलांच्या मतांनी होतो. पुस्तकांची यादी मोठी माणसे करतात. अंतिम कौल मात्र वाचणाऱ्या मुलांचा असतो.

इंदूरच्या शाळांतही हा उपक्रम अल्प खर्चात करता येण्याजोगा आहे. येथील चित्रकार विष्णू चिंचाळकर यांनी वाळकी पाने व काटक्यांतून आकृती साकारून मुलांना चित्र पाहावयास शिकविले. तीच दृष्टी चित्रपुस्तक देते. येथील अनेक मराठी मुलांचे शिक्षण हिंदीतून होते. लिपी एकच असल्याने चित्रांच्या आधारे ती मराठीही वाचू शकतात. अशी पुस्तके हाती न पडल्यास मातृभाषा केवळ बोलण्यापुरती उरण्याची भीती आहे.

पाच-सहा हिंदी व मराठी चित्रपुस्तके महिनाभर वर्गात ठेवावीत. केवळ मुखपृष्ठावरून निवड होऊ नये, यासाठी सर्व पुस्तके प्रथम वाचून दाखवावीत. शिक्षकांनी स्वतःची पसंती आधी सांगू नये. नंतर प्रत्येक पुस्तकासाठी आडोशाला एकेक डबा ठेवून मुलांनी आपल्या आवडीच्या डब्यात एक चिंचोका टाकावा आणि आवडीचे कारण सांगावे. शाळेच्या पुढील पुस्तकखरेदीत या कौलाची दखल घेतली जावी; तरच आपल्या मताला मोल आहे, हे मुलांना पटेल.