दांडा लांब, पाठ ताठ

अवजार कष्टकऱ्याच्या हातात असते. पण त्याचा दांडा केवढा असावा, हे बहुधा दुसराच ठरवतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मेक्सिकन शेतमजुरांना खुरपणीसाठी आखूड दांड्याचे कुदळे देत. मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणजे 'आखूडला' म्हणत. दिवसभर कमरेत वाकून काम! लांब दांड्याने काम नीट होत नाही, असे मळेवाले सांगत. खरे म्हणजे कोण ताठ उभा राहिला, हे मुकादमाला दुरूनच दिसे. कित्येकांच्या पाठी कायमच्या गेल्या. अखेर मजूर वकिलांच्या मदतीने लढले, डॉक्टरांनी साक्षी दिल्या आणि १९७५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला. आखूडला बंद झाला. शेती काही बुडाली नाही!

आता आपल्या घरात पाहू. आमच्या माता-भगिनी आखूड केरसुणीने घर झाडतात, ओणव्याने फरशी पुसतात. रात्री कंबर धरतात आणि वयाला दोष देतात. दोष वयाचा नाही, दांड्याचा आहे. खराट्याला छातीपर्यंत येणारा बांबू बांधा. उभ्याने झाडता येते.

आम्ही म्हणतो, घरी दांडा आपणच लावू. कामावर तो सर्वांनी मिळून मागू. वाकणे हा कामाचा धर्म नव्हे.