उतारवयातला उतार

जुलैमध्ये पावसाने जोर धरला, की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले कोरडे ओढे बोलू लागतात. कान्हेरीच्या काळ्या कातळावरून पाणी घरंगळते, दहिसर नदीला गढूळ वेग येतो आणि शिलोंड्याच्या वाटेवरचे छोटे धबधबे पाहण्यासाठी तरुणांच्या झुंडी निघतात. घरातल्या आजी-आजोबांनी मात्र ही छायाचित्रे भ्रमणध्वनीवरच पाहायची, असा बहुतेक घरांतला अलिखित नियम असतो. हा नियम मोडता येतो. परंतु तो कसा मोडावा, याची एक रीत आहे.

सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे अरण्य मुंबई आणि ठाणे या दोन महानगरांच्या कुशीत वसले आहे. समुद्र येथून दूर नाही. उद्यानाचा उत्तरेकडील नागला विभाग तर थेट वसईच्या खाडीला टेकलेला आहे. तिथे साग, खैर आणि पळसाचे रान उतरत उतरत खारफुटीला जाऊन मिळते. मधोमध तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत. मुंबईकरांच्या पिण्याच्या पाण्यात आजही त्यांचा वाटा आहे. डोंगर, दमट वारा, खाडी आणि गोडे पाणी हे सारे इतके जवळ असल्यामुळेच येथील झाडोरा एवढा दाट झाला आहे. काही उतारांवर कारवीचे रान आहे. ती आठ वर्षांतून एकदा फुलते आणि तिला पाहण्याची संधी हुकली, तर पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबावे लागते. सत्तरीपुढच्या माणसाला या हिशेबाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

वाटा अनेक आहेत आणि त्या सर्वच आपल्यासाठी नाहीत, हे आधी मान्य करावे. मुख्य प्रवेशद्वारातून आत जाणारा डांबरी रस्ता सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांनी गजबजलेला असतो. ज्यांनी वर्षभरात फारसे चालणे केलेले नाही, त्यांनी तिथूनच आरंभ करावा. कान्हेरी लेण्यांपर्यंत वाहनाने जाता येते, परंतु पुढे पायऱ्या आहेत आणि त्यांतील कित्येक थेट खडकात खोदलेल्या, झिजलेल्या, कमी-अधिक उंचीच्या आहेत. शिलोंडा, नागला यांसारख्या जंगलवाटांवर आपल्या मनाने शिरता येत नाही. तिथे वनविभागाची परवानगी आणि सोबत मार्गदर्शक लागतो. पावसाळ्यात काही वाटा बंदही ठेवल्या जातात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. सोमवारी उद्यान बंद असते, हेही लक्षात ठेवावे.

गेल्या सप्टेंबरअखेर मी माझ्या वडिलांना कान्हेरीला घेऊन गेलो. त्यांचे वय 76, गुडघे बेताचे, स्वभाव मानी. चढताना ते माझ्यापुढे होते. मध्ये मध्ये थांबून कदंबाचे झाड दाखवत होते, आणि मी मनातल्या मनात माझ्या काळजीला हसत होतो. वरच्या लेण्यांपाशी आम्ही तासभर रमलो. परत फिरलो आणि खडकातल्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ते थबकले. धाप लागलेली नव्हती, छातीत दुखत नव्हते. पाय मात्र खाली पडेना. मी पुढे होऊन त्यांचा दंड धरला, तो त्यांनी झटकला, आणि त्या झटक्यातच त्यांचा तोल गेला. पडले नाहीत, बसले. मनगटावर खरचटले एवढेच. त्या दिवशी आम्हा दोघांच्याही चुका झाल्या होत्या. त्या समजून घेण्यासाठी मी नंतर एका परिचित भौतिकोपचारतज्ज्ञांशी सविस्तर बोललो. पुढील मजकूर बराचसा त्या संभाषणातून आला आहे.

आपण साऱ्यांनीच चढाची धास्ती घेतलेली असते, कारण चढ दमवतो आणि दम दिसतो. उतार दमवत नाही, म्हणून त्याची तयारी कोणी करत नाही. पायऱ्या उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतात. जणू गाडीचा ब्रेक सतत दाबून धरलेला असावा. वजनाचा भार गुडघ्याच्या वाटीमागे एकवटतो. ज्यांच्या गुडघ्याची झीज झाली आहे, त्यांना म्हणूनच चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. वयाबरोबर मांडीचे बळ घटते आणि चढून आल्यावर ते अधिकच थकलेले असते. म्हणजे ज्या वेळी ब्रेक सर्वांत मजबूत हवा, नेमका त्याच वेळी तो ढिला पडतो.

वडिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, जी माझ्या ध्यानीमनीही नव्हती: चष्मा. दूरचे आणि जवळचे एकाच भिंगातून दाखवणारा चष्मा वापरणाऱ्यांनी पायरीकडे खाली पाहिले, की नजर भिंगाच्या खालच्या, वाचनाच्या भागातून जाते. हातभर अंतरावरचे अक्षर स्पष्ट दिसते, परंतु पायाखालची पायरी धूसर होते. कडा नेमकी कोठे आहे, हे कळत नाही. जे नेहमी बाहेर फिरतात, त्यांनी नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने केवळ दूरचा नंबर असलेला एक वेगळा चष्मा चालण्यासाठी करून घ्यावा. तो नसेल, तर मान अधिक वाकवून भिंगाच्या वरच्या भागातून पायरी पाहावी. ही साधी गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती, तर त्यांचे मनगट वाचले असते.

तयारी घरी होते आणि तिला खर्च नाही. हाताच्या खुर्चीवरून उठावे आणि बसताना चार अंक मोजत, धपकन न बसता सावकाश टेकावे. हे हळू बसणे म्हणजेच उताराचा सराव. आरंभी पाच वेळा, जमू लागले की दहा वेळा. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, नंतर एका पायावर क्षणभर उभे राहावे. इमारतीचा जिना असेल, तर लिफ्टने वर जाऊन एक मजला कठड्याला धरून पायी उतरावे. आपण नेमके याच्या उलट करत असतो! सहा आठवडे हा क्रम ठेवावा. ज्यांच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली आहे, हाडे ठिसूळ आहेत किंवा वर्षभरात पडण्याचा प्रसंग आला आहे, त्यांनी आपल्या वैद्यांना विचारल्याशिवाय यातले काहीही करू नये. हृदयविकार असलेल्यांना तर ही सूचना दुप्पट लागू आहे.

काठी घ्यावी. तिला म्हातारपणाची खूण मानणाऱ्यांनी गिर्यारोहकांच्या हातातल्या दोन काठ्या आठवाव्यात. उतारावर काठीची लांबी थोडी वाढवून ती आपल्या आधी खाली टेकवली, की गुडघ्यावरचा काही भार हातांवर येतो. तळाला खाचा असलेले, घोट्याशी घट्ट बसणारे बूट हवेत. चपला अथवा सँडल नकोत.

आता सोबत जाणाऱ्या मुला-मुलींसाठी, सुनांसाठी, मदतनिसांसाठी. ज्येष्ठांचा दंड पकडू नका. अचानक धरलेला हात तोल सावरत नाही, बिघडवतो. आणि मानी माणसाचा अपमान होतो तो निराळाच. आपले कोपर पुढे करा आणि त्यांना धरू द्या, म्हणजे किती आधार घ्यायचा हे त्यांच्या हाती राहते. चढताना त्यांच्या एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे, किंचित बाजूला राहा. घाई नको, पण सतत ‘सांभाळून, सांभाळून’ हा घोषही नको. त्याने लक्ष पायावरून आवाजाकडे जाते.

परत कोठून फिरायचे, हे घरून निघतानाच ठरवा. निम्मी शक्ती उरलेली असताना फिरायचे, हा माझ्या वडिलांचा आणि माझा आताचा करार आहे. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग योग्य. शब्द तुटू लागले की थांबावे. नाडी मोजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडीचे ठोके मुळातच कमी राहतात, त्यामुळे तो आकडा फसवा ठरू शकतो. छातीत दडपण, भोवळ किंवा थंड घाम आला, तर जागीच बसावे आणि मदत मागावी. चालून बघू, असे म्हणू नये.

दमट हवेत घाम सुकत नाही आणि वय वाढले की तहानेची जाणीवही मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. अनेक आजी स्वच्छतागृहाच्या चिंतेने सकाळपासून पाणीच पीत नाहीत; हे लाजेचे नव्हे, आखणीचे काम आहे. निघण्यापूर्वी सोय कोठे आहे ते पाहून ठेवावे आणि फेरी तेवढीच आखावी. लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध मात्र आपल्या मनाने टाळू नये; त्याची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर अथवा ग्लुकोज खिशात ठेवावे. खिशात, मुलाच्या पिशवीत नव्हे. कान्हेरीत माकडे हातातली पिशवी हिसकावून नेतात आणि तिच्यात औषधे आहेत की शेंगदाणे, याचा विचार करत नाहीत.

राहिला धबधबा. त्याच्या पायथ्याशी जाण्याचा हट्ट सोडावा. भिजलेल्या कातळावरचे शेवाळ कोणत्याही बुटाला दाद देत नाही, आणि वर डोंगरात पाऊस झाला, की खाली ऊन असतानाही ओढ्याचे पाणी अकस्मात चढते. पायाला जखम असेल, तर साचलेल्या पाण्यात पाऊल घालू नये. लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. माझे मत विचाराल, तर भर पावसाळ्याऐवजी सप्टेंबरचा उत्तरार्ध बरा. पाणी थोडे ओसरलेले असते, पण दगड वाळू लागलेले असतात.

आणि कान्हेरीत बसायला जागा आहे, तीही दगडात कोरलेली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून शतकानुशतके येथे राहिलेल्या भिक्षूंनी लेण्यांच्या ओसऱ्यांत बाक ठेवले आहेत. जवळच कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. येथील शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळींतून त्यांत उतरते. अशा बाकावर पाऊण तास बसले, तर ओढ्याचा आवाज, पाखरे आणि क्वचित एखादे मोठे निळे-काळे फुलपाखरू, म्हणजे आपले राज्य फुलपाखरू नीलवंत, आपण न चालता आपल्यापाशी येतात.

घरी परतल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची जागा गोचिडांसाठी तपासावी. दोन्ही मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखल्या, तर तो उताराचा नेहमीचा हिशेब. तो आपोआप फिटतो. एकच गुडघा सुजला, किंवा एकाच पोटरीला सूज आणि दुखणे आले, तर डॉक्टरांना दाखवण्यास विलंब करू नये. वडिलांच्या मांड्या तीन दिवस दुखल्या. चौथ्या दिवशी ते चष्म्याच्या दुकानात गेले, एकटेच, जिना उतरून.