दीड एकरातलं एचएमटी

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं खेडं आहे. मराठवाड्यातल्या नांदेडशी त्याचा काही संबंध नाही, हा खुलासा बाहेरच्या माणसापाशी आधी करावा लागतो. वाण्याच्या दुकानात तोंड उघडं ठेवून मांडलेल्या तांदळाच्या पोत्यांपैकी एकावर ‘एचएमटी’ अशी पाटी खोचलेली असते. तो बारीक, सडपातळ तांदूळ मूळचा या खेड्यातला. तो हाती लागला दादाजी रामाजी खोब्रागडे यांच्या. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर, आणि तेवढ्यावर घर चालत नाही म्हणून दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मजुरी. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिलं. तोवर त्यांचा तांदूळ खाणाऱ्या बहुतेकांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

दादाजींचा मुलूख झाडीपट्टीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतला हा पट्टा म्हणजे जंगल, मामा तलाव आणि धान. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांच्या भरवशावर इथली शेती उभी राहिली. पावसाळा लागला की पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे, चिखल करून रोवणी उरकायची, दिवाळीच्या सुमाराला हलकं, लवकर येणारं धान कापायचं आणि त्यामागून भारी. सुगी आटोपली की नाटकं आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. वर्षाचं सगळं वेळापत्रक धानाच्या हिशेबाने चालतं. चिन्नोर, लुचई, हिरानक्की अशी जुनी नावं इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असतात. धानाची पारख ही या भागात विद्वत्ता नाही, घरचीच गोष्ट आहे. बांधावरून चालताना कुठे रोग पडला, कुठे भेसळ शिरली, हे बायाबापड्यांनाही कळतं.

भेसळ दिसली की ती उपटून टाकायची, ही रीत. १९८३ साली दादाजींनी ती उपटली नाही.

बांधीत ‘पटेल-३’ हे वाण होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून आलेलं हे वाण तेव्हा या पट्ट्यात चांगलं रुळलेलं होतं. त्या पिकात तीन लोंबा दादाजींना वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर, ठेवण निराळी. त्यांनी त्या तीन लोंबा खुडल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घरी ठेवल्या. पुढच्या पावसाळ्यात शेताच्या मधोमध छोट्याशा तुकड्यात ते दाणे लावले आणि भोवती काटेरी झुडपांचं कुंपण घातलं. जंगलालगतच्या शेतीत रानडुकरांची एक रात्र पुरते. मूठभर बी गेलं असतं तर सगळंच संपलं असतं.

एका लोंबीत साधारण शे-दीडशे दाणे असतात, म्हणजे भांडवल किती ते समजावं. शिवाय दीड एकरवाल्याने प्रयोगाला दिलेला प्रत्येक वाफा हा घरच्या खाण्यातून काढलेला असतो. तरीही पाच-सहा वर्षं हा खेळ चालला. दर सुगीला उत्तम लोंबा निवडायच्या, वेगळ्या दिसणाऱ्या बाजूला काढायच्या, बी राखायचं, पुन्हा लावायचं. धानाचं फूल सकाळी थोडा वेळ उघडतं आणि बहुतांशी आपल्याच परागाने फळतं, त्यामुळे निवडलेल्या लोंबीचा गुण पुढच्या पिढीत बराचसा टिकतो. या पद्धतीला वनस्पतिशास्त्रात शुद्ध वंश निवड म्हणतात आणि कृषी महाविद्यालयात ती पुस्तकातून शिकवली जाते. दादाजी ती बांधीत उभे राहून करत होते.

हाती आलेलं धान बारीक दाण्याचं होतं, उतारा चांगला होता आणि भात मोकळा, चवदार होत होता. १९९० च्या सुमारास गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून दीडेकशे किलो बी घेऊन चार एकरांत लावलं आणि पन्नासेक पोती धान काढलं. ते नागभीड तालुक्यातल्याच तळोधीच्या बाजारात गेलं. व्यापाऱ्याने दाणा पाहिला, भाव केला आणि नाव विचारलं. नाव तर ठेवलेलंच नव्हतं. त्या काळी मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं ही खेड्यात ऐट होती. लग्नात जावयाला ते मिळालं तर वऱ्हाडात चर्चा व्हायची. व्यापाऱ्याने नव्या धानाला तेच नाव देऊन टाकलं. पुढे बेंगळुरूच्या एचएमटी या सरकारी कंपनीची घड्याळांची उपकंपनी बंद पडली. तांदूळ मात्र त्याच नावाने विकला जातो आहे.

तळोधीतून निघालेलं बी मग कुणाच्या आटोक्यात राहिलं नाही. शेजाऱ्याने पायलीभर नेलं, पुढच्या साली त्याच्या व्याह्याने पोतंभर. उसनं बी सुगीला सवाईने परत करण्याचा रिवाज खेड्यात जुनाच आहे. त्यात पावती नसते, करार नसतो. असं हातोहात फिरत हे धान छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि आंध्रपर्यंत पोचलं. बाजारभावाच्या फलकावर एचएमटीचा स्वतंत्र रकाना आला. दादाजींच्या दीड एकरात मात्र एका गुंठ्याचीही भर पडली नाही.

याच काळात विद्यापीठाचं प्रकरण घडलं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये त्यांच्याकडून बी नेलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केलं. दादाजींचं आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं की श्रेय हिरावलं गेलं. शेतकऱ्याकडचं बी भेसळीचं होतं, आम्ही ते शुद्ध केलं, अशी विद्यापीठाची बाजू. तांत्रिकदृष्ट्या तीत अर्थ नाही असं नाही. प्रमाणित बियाण्याला एकसारखेपणा लागतोच. पण शुद्ध करायला आधी काहीतरी हाती असावं लागतं. ते शोधणाऱ्याचं नाव विद्यापीठाच्या वाणाच्या नावात कुठेच नव्हतं.

दादाजींनी भांडणात हयात घालवली नाही. ते पुन्हा बांधीत उतरले. नांदेड-९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपक रत्न, काटे एचएमटी, डीआरके, डीआरके सुगंधी अशी एकामागून एक वाणं त्यांनी निवडून काढली. ही यादी सावकाश वाचावी. पहिल्या वाणाचं बारसं व्यापाऱ्याने केलं होतं. नंतरच्या कित्येकांना गावाचं नाव लागलं, आणि ‘डीआरके’ ही तर दादाजी रामाजी खोब्रागडे यांचीच आद्याक्षरं. पहिल्या खेपेला काय निसटलं, हे त्यांना पुरतं उमगलं होतं.

मग सन्मान आले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचं काम नोंदवून घेतलं आणि २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना पुरस्कार मिळाला. राज्य सरकारनेही गौरव करून सुवर्णपदक दिलं. पुढे घरात पैशाची ओढाताण झाली तेव्हा ते पदक सराफाकडे न्यावं लागलं, आणि ते शुद्ध सोन्याचं नसल्याचं निघालं. त्याची बातमी झाली, सरकारला खुलासे करावे लागले. २०१० मध्ये ‘फोर्ब्ज’ मासिकाने भारतातल्या सात प्रभावी ग्रामीण उद्योजकांची यादी छापली. तिच्यात दादाजी होते. उद्योजक म्हणून छापून आलेला हा माणूस तेव्हाही मातीच्या घरात राहणारा अल्पभूधारकच होता.

त्या यादीतले बाकीचे लोक पाहिले की दादाजींची अडचण नीट कळते. गुजरातचे मनसुखभाई प्रजापती यांनी विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रिज बनवला होता. तेलंगणातले चिंतकिंदी मल्लेशम यांनी पोचमपल्ली साडीचं सूत गुंडाळणारं ‘आसू’ यंत्र तयार केलं होतं. फ्रिज आणि यंत्र एकेक करून बनवावं लागतं, विकता येतं, त्यावर पेटंट घेता येतं. धानाचं तसं नसतं. किलोभर बी दिलं की पुढच्या सुगीला घेणाऱ्याकडे कित्येक पटींनी होतं आणि देणाऱ्याकडे पुन्हा यायचं त्याला कारण उरत नाही. भारताच्या पेटंट कायद्यात वनस्पती आणि बियाणं मुळातच बसत नाहीत. वस्तू जितकी चांगली तितकी ती लवकर मूळ धन्याच्या हातून सुटणार, हा या धंद्याचा स्वभाव. गावोगावच्या शेतकऱ्यांना दादाजी आपले वाटले तेही याच स्वभावामुळे. त्यांच्यामुळे दोन पैसे जास्त मिळाले असं सांगणारा माणूस झाडीपट्टीत शोधावा लागत नाही.

कायदा आला तो उशिरा. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा. त्याने शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवण्याचा अधिकार दिला. नोंदणीचं शुल्कही त्याला माफ आहे. घरचं बी राखण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि छाप न मारता विकण्याचा हक्क त्यात शाबूत ठेवला. कुणी शेतकऱ्याचं वाण वापरून नवं वाण काढलं तर लाभातला वाटा मागण्याचीही तरतूद आहे. मात्र या कायद्याखाली प्राधिकरण उभं राहायला २००५ साल उजाडलं. तोवर एचएमटी पंधरा वर्षं बाजारात होतं आणि पीकेव्ही एचएमटी सात वर्षं.

अखेरची वर्षं आजारपणात गेली. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या दादाजींच्या औषधपाण्याचा खर्च घराला पेलवत नव्हता. गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या रुग्णालयात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. २०१८ च्या त्याच जून महिन्यात राहुल गांधी नांदेडला येऊन त्यांच्या कुटुंबाला भेटले. इतक्या कॅमेऱ्यांचा या खेड्याला सराव नव्हता. बाहेर रोवणीचे दिवस तोंडावर आलेले, पऱ्हे टाकायची लगबग.

आज झाडीपट्टीतल्या कुणा शेतकऱ्याला बांधीत वेगळी लोंब दिसली, तर त्याच्यापुढे वाट आहे. दोन-चार हंगाम ती वेगळी लावून गुण टिकतो का पाहायचा, बियाण्याचा नमुना द्यायचा, प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. शेतकऱ्यांच्या वाणांत सर्वाधिक अर्ज धानाचेच येतात. वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता या कसोट्यांवर तपासणी होते, आणि वाणाला नाव द्यावं लागतं. ते नाव अर्ज करणारा शेतकरी स्वतः सुचवतो. नोंद झाली की ते सरकारी दप्तरात त्याच्या नावासकट लागतं, मग तळोधीच्या बाजारात व्यापारी त्याला काहीही म्हणो.